तुम्ही विचारलंत म्हणून: मॅथ्यूजच्या छातीवरचा ‘सी’

टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या आणि आइस हॉकी मनापासून पाहणाऱ्या मराठी माणसाला 2025 च्या मे महिन्यापासून एकच प्रश्न विचारला जात आहे: ज्याचे गोल आटले आहेत अशा सेंटरला (आक्रमणातल्या मधल्या खेळाडूला) छातीवर ‘सी’ लावून कप्तान ठेवून टोरांटोचा मेपल लीफ्स संघ कधी स्टॅनले कप, म्हणजे एनएचएल या व्यावसायिक लीगचे विजेतेपद, जिंकेल का? मंडळाच्या कार्यक्रमात विचारतात, मुलीच्या सरावाला आलेले पालक विचारतात, पुण्याहून फोन करणारा आतेभाऊसुद्धा विचारतो. उभ्या उभ्या याचे उत्तर अर्धेच देता येते आणि त्या अर्ध्या उत्तरावरून मला मॅथ्यूजचा वकील ठरवले जाते. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आकड्यांबद्दल माझा वाद नाही. 2023-24 च्या हंगामात 69 गोल करणाऱ्या ऑस्टन मॅथ्यूजने कप्तान झाल्यावर पुढच्याच हंगामात 33 केले आणि नंतर प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या, 13 सामन्यांत 3. त्याला दुखापत होती, 82 पैकी 67 सामनेच तो खेळू शकला, नोव्हेंबरमध्ये उपचारांसाठी जर्मनीला जाऊन आला, हे सगळे खरे आहे. पण वर्षाला सरासरी 1 कोटी 32 लाख 50 हजार डॉलर घेणाऱ्या खेळाडूच्या बाजूने केवळ दुखापतीची ढाल पुढे करणे मला पटत नाही. आतेभाऊ माइक ब्रियर्लीचे नाव काढतो: 39 कसोट्यांत एकही शतक नाही, सरासरी 23 च्याही खाली, तरी इंग्लंडचा नावाजलेला कप्तान. ही तुलना इथे चालत नाही. हॉकीत क्षेत्ररचना आणि गोलंदाजीतले बदल कप्तानाच्या हातात नसतात. कोणती फळी (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) कधी उतरवायची हे बेंचमागे उभा असलेला प्रशिक्षक ठरवतो. कप्तानाकडे उरतो तो त्याचा स्वतःचा खेळ.

तो खेळ म्हणजे केवळ गोल नव्हेत, एवढेच माझे म्हणणे आहे. माझी मुलगी इथल्या मुलींच्या संघात सेंटर खेळते. फेसऑफला, म्हणजे पंच दोघींच्या मध्ये पक (रबरी चकती) टाकतो तेव्हा, ती काठी आखूड धरून वाकते, पक मागे डिफेन्सकडे ओढते, आणि पक हातचा गेला की कडेने खेळणाऱ्या विंगर निळ्या रेषेजवळ थांबलेल्या असताना ती मात्र आपल्या गोलपर्यंत खाली जाते, प्रतिस्पर्ध्याची काठी उचलते, पक सोडवून वर देते आणि धापा टाकत बेंचवर येते. सामना संपल्यावर गाडीतळावर तिला विचारले जाते ते मात्र, ‘आज किती गोल केलेस?’ मॅथ्यूज हे काम उत्तम करतो. 69 गोल करणाऱ्या त्याच हंगामात, बचावात सर्वोत्तम ठरणाऱ्या फॉरवर्डला मिळणाऱ्या सेल्की पुरस्काराच्या अंतिम तिघांमध्ये तो होता. गोल कमी झाले म्हणजे खेळाडू संपला, हे समीकरण म्हणूनच मी मानत नाही.

आता तो सामना. 2025 च्या प्लेऑफमध्ये, चार सामने आधी जिंकणारा पुढे जातो अशा फ्लोरिडा पँथर्सविरुद्धच्या मालिकेत लीफ्स 2-0 ने पुढे होते, पाच सामन्यांनंतर 3-2 ने मागे पडले, आणि सहाव्या सामन्यात, सनराइजला फ्लोरिडाच्या घरी, तिसऱ्या आणि शेवटच्या सत्रात 0-0 ची कोंडी मॅथ्यूजनेच फोडली. मालिकेतला तो त्याचा पहिलाच गोल. लीफ्स 2-0 ने जिंकले आणि दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत होतो की प्रश्न विचारणाऱ्यांना हे घ्या उत्तर. रविवार, 18 मे रोजी सातवा सामना टोरांटोतच होता. घरी दोन कुटुंबे आली होती आणि जेवण सामन्याआधी उरकून घेतले होते. पहिले सत्र कोरे गेले. दुसऱ्या सत्रात फ्लोरिडाचा सेथ जोन्स, मग अँटन लुंडेल, मग योना गाजोविच, 0-3. प्रत्येक गोलनंतर कॅमेरा मॅथ्यूजच्या चेहऱ्यावर जात होता आणि आमच्या दिवाणखान्यातले सगळे, मला काही न बोलता, माझ्याकडे पाहत होते. लीफ्सचा विंगर मिच मार्नर बेंचवर सहकाऱ्यांवर ओरडताना दिसला तेव्हा आमच्या एका पाहुण्यांनी विचारले, “हे कप्तानाने करायला नको होते का?” मी म्हणालो, ओरडण्याने पक जाळ्यात जात नाही. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला लीफ्सच्या मॅक्स डोमीने गोल केला, मुलगी उठून उभी राहिली आणि ती पुन्हा बसण्याच्या आत, एक मिनिटही न उलटता, फ्लोरिडाच्या लुओस्टारिनेनने चौथा घातला. शेवटी 6-1. प्रेक्षागार सामना संपण्याआधीच रिकामे होऊ लागले होते. पाहुणे लवकर निघाले आणि जाताना त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी दार उघडे धरून उभा राहिलो, उत्तर दिले नाही.

त्या रात्री गोल करणाऱ्यांची यादी मी अनेकदा वाचली. फ्लोरिडाचे सहा गोल सहा जणांचे होते आणि त्यांत अलेक्झांडर बार्कोव्ह नव्हता. बार्कोव्ह हा त्यांचा कप्तान, सेंटर, आणि सेल्कीचा मानकरी. त्याने त्या सातव्या सामन्यात गोल केला नाही, पण ‘हा कप्तान संघाला पुढे नेऊ शकतो का’ असे त्याच्याबद्दल कुणी विचारले नाही, कारण लुंडेल, लुओस्टारिनेन आणि मार्शंड या त्यांच्या तिसऱ्या फळीनेच तीन गोल वाटून घेतले होते. पुढे त्या संघाने कपही राखला. दोन कप्तानांचा त्या संध्याकाळचा गोलांचा हिशेब सारखाच होता. फरक त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माणसांत होता.

इथे थांबता आले असते तर मला बरे वाटले असते. पण 2018, 2019, 2021, 2022, 2024 आणि 2025 असे सहा सातवे सामने मॅथ्यूज खेळला, लीफ्स सहाही हरले, आणि या सहांमध्ये त्याचा एकही गोल नाही. शेवटच्या पाचांत तर अख्ख्या संघाने प्रत्येकी एकच गोल केला. अख्खा संघ गोठत असेल तर एकट्याला दोष कसा द्यायचा, असे मी म्हणतो. आणि संघ गोठतो तेव्हा तो वितळवायचा कुणी, असे तुम्ही म्हणता. तुमचा हा प्रश्न मला टाळता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी याच वादात स्टीव्ह आयझरमनचे उदाहरण हुकमी पानासारखे टाकत असे. डेट्रॉइटच्या या कप्तानाने 1988-89 मध्ये 155 गुण (गोल आणि गोलला कारण ठरलेले पास मिळून) मिळवले, पण कप हाती आला तो 1997 मध्ये, जेव्हा त्याचे हंगामातले गुण 85 वर आले होते आणि तो प्रशिक्षक स्कॉटी बोमनच्या हाताखाली आधी बचाव करायला शिकला होता. त्याआधी 1993 आणि 1994 मध्ये पहिल्याच फेरीत गारद होणे आणि 1995 च्या अंतिम फेरीत न्यू जर्सीकडून 4-0 असा मार खाणे, हेही त्याच्याच वाट्याला आले होते. उदाहरण आजही मला खरे वाटते. मात्र तेव्हाच्या मला आज मी एवढे विचारीन की आयझरमनच्या मागे फेदोरोव्ह होता, लिडस्ट्रॉम होता. मॅथ्यूजच्या मागे कोण? आधीचा कप्तान टवारेस 2025 मध्ये पस्तीस वर्षांचा झाला, आणि मार्नर 2025 च्या उन्हाळ्यात वेगासच्या संघात गेला. म्हणजे प्रतिस्पर्धी आता आपली सर्वोत्तम डिफेन्सची जोडी निर्धास्तपणे एकट्या मॅथ्यूजवर सोडू शकतात, आणि गोल करणे त्याला पूर्वीपेक्षा अवघड जाणार.

म्हणून विचारलेत तर माझे म्हणणे असे आहे की कमी गोल करणारा सेंटर कप जिंकणाऱ्या संघाचा कप्तान असू शकतो, आणि मॅथ्यूज त्या योग्यतेचा आहे असे मला अजूनही वाटते. दुसरी आणि तिसरी फळी उभी करणे हे त्याचे काम नाही, ते संघ बांधणाऱ्यांचे आहे, आणि ते झाले नाही तर मी दोष त्यांनाच देईन. पण सातवा सामना पुन्हा आला आणि त्यातही त्याची पाटी कोरी राहिली, तर तो किती खाली येऊन बचाव करत होता हे मी तुम्हाला दाखवीन की गप्प बसेन, हे मला आज सांगता येत नाही.