स्टारड्यू मराठीत, आठवडा नववा: शेवटी एकदाचा 'क्ष' उमटला

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेमचं मी मराठीत भाषांतर करतोय. मागच्या नोंदीत मी चिडून थांबलो होतो. स्क्रीनवर 'शिक्षक' ऐवजी शनंतर वेलांटी, मग क, पायमोडकं चिन्ह, मग ष अशी जत्रा भरलेली. ती आता उठली आहे. कशी, ते आधी सांगतो, कारण बाकीची प्रगती किरकोळ आहे.

नव्यांसाठी थोडक्यात: स्टारड्यू व्हॅली अधिकृतपणे १२ भाषांत आहे, त्यात आपली एकही नाही. पण नोव्हेंबर २०२१ च्या १.५.५ आवृत्तीपासून मॉडमधून (खेळाडूंनी बनवलेल्या जोडणीतून) नवी भाषा जोडायची सोय आहे. कंटेंट पॅचर (गेममधला मजकूर नि चित्रं बदलू देणारा मॉड) वापरून भाषेच्या यादीत एक नोंद टाकायची, फाँट द्यायचा, मजकुराच्या फायली बदलायच्या. यादीत 'मराठी' दिसायला मला पहिल्याच दिवशी वीस मिनिटं लागली. पुढचे आठ आठवडे फाँटने खाल्ले.

गोम अशी की गेमचा फाँट म्हणजे एक चित्र आणि त्यातल्या चौकटींची यादी. एक युनिकोड चिन्ह (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत), एक चौकट, डावीकडून उजवीकडे ओळीने. इंग्रजीला, जपानीला एवढं पुरतं. आपल्याकडे ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते व्यंजनानंतर, दिसते आधी. रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे जुळवणारं यंत्र गेममध्ये नाहीच.

तोडगा: प्रत्येक अख्खं अक्षर ('क्षि', 'र्थ्या', 'ष्ट्र') बाहेरच जुळवून त्याचं चित्र काढायचं आणि त्याला युनिकोडमधल्या खासगी वापराच्या पट्ट्यातला एक क्रमांक द्यायचा. तिथे ६,४०० जागा मोकळ्या आहेत. माझी यादी अकराशेच्या वर गेली आहे, म्हणजे घर भरायला अजून वेळ आहे.

आधी मी फायलींमधला मजकूरच या क्रमांकांत बदलून ठेवत होतो. मूर्खपणा. भाषांतराला मदत करणाऱ्या मित्राने फाइल उघडली तर सगळे चौकोन! आता फायलींत साधी मराठी आहे आणि अदलाबदल गेम मजकूर रंगवतो त्या क्षणी होते. त्यासाठी एसमॅपीसोबत (गेममध्ये मॉड चालवणारा प्रोग्राम) येणारी हार्मनी (चालू गेमचं फंक्शन बदलू देणारी लायब्ररी) वापरून रंगवणाऱ्या फंक्शनच्या आधी माझं छोटं फंक्शन घुसवलं: सर्वांत लांब जुळणारं अक्षर शोध, क्रमांक ठेव, पुढे चल. फायदा असा की खेळाडूने टाइप केलेलं 'मल्हार' हे नावही नीट दिसतं.

दोन अपघात झाले. रुंदी मोजणारं फंक्शन वेगळं आहे हे विसरलो, त्यामुळे ओळी निम्म्यातच तुटत होत्या. आणि संवाद एकेक अक्षर उमटतो ना, ती मोजणी मूळ मजकुरावर चालते. वाक्य पूर्ण दिसल्यावरही टिकटिक चालूच. पहिलं सुटलंय. दुसरं तसंच आहे, आणि खरं सांगायचं तर मला आता त्याची सवय झाली आहे.

शिरोरेषेत अक्षरागणिक एक पिक्सेलची फट पडत होती, ती चित्रांभोवतीची मोकळी कडा काढल्यावर गेली. शिवाय अक्षरं काढताना भाषा 'मराठी' सांगायची राहिली होती, म्हणून ल आणि श हिंदी वळणाचे आले होते. एरवी चाललं असतं, पण 'लाल शाल' वाचताना डोळ्यांत खुपायचं. सगळी पुन्हा काढली.

आता गोड भाग. १.६ मध्ये (मार्च २०२४) वाक्याच्या मध्येच पुरुष/स्त्री पर्याय देता येतो. इंग्रजीत त्याची गरज क्वचितच. आपल्याकडे 'आलास/आलीस' पावलोपावली. पूर्वी अख्खा संवाद दोनदा लिहावा लागे, आता फक्त क्रियापद.

तू-तुम्हीवर सर्वांत जास्त वाद झाले. लुईस गेममधल्या गावाचा मेयर, पण खेळाडूच्या आजोबांच्या पत्रात त्याला नमस्कार सांगायचा निरोप आहे. मित्राच्या नातवंडाला तो 'तुम्ही' कशाला म्हणेल? तू. गावातली म्हातारी एव्हलिन स्वतःच आजी म्हणायला सांगते, प्रश्न मिटला. शेन हा गावकरी मात्र मजेदार निघाला. सुरुवातीला तो तुसडा असतो, म्हणून त्याच्या तोंडी कोरडं, दार लावून घेणारं 'तुम्ही' घातलं. त्याच्या फाइलमध्ये मैत्री मोजणाऱ्या बदामांनुसार वेगळे संवाद असतात, त्यामुळे चार बदामांपासून तो 'तू' वर येतो. एक ओळ कोड न लिहिता! इंग्रजीत हा बदल दाखवायला जागाच नाही.

ऋतूंची नावं वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. भेळ आहे, ठाऊक आहे. २८-२८ दिवसांच्या चार ऋतूंत पावसाळा बसत नाही, त्याला मी काय करू? 'पार्सनिप'चं (गाजरासारखं पांढरट कंदमूळ) मी 'पांढरं गाजर' केलं होतं; मित्र म्हणाला, मग खरं गाजर आलं की काय करशील? पार्सनिप परत आलं.

अडलेलं: विभक्ती. वस्तूचं नाव कोड वाक्यात जसंच्या तसं घालतो, मग 'कोंबडीला' कुठे नि 'कोंबडी ला' कुठे. सध्या वाक्यं अशी फिरवतोय की नावाला प्रत्ययच लागू नये. 'मला कोंबडी हवी आहे' जमतं. 'कोंबडीचं अंडं' अजून जमलेलं नाही.