आमची वाटचाल: औषधाच्या पुडीपासून शिवाराच्या कामापर्यंत

आमचं कृषी सेवा केंद्र वाशीम जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे. इकडे सोयाबीन निघालं की त्याच वावरात हरभरा, पाणी असेल तर गहू. उंदरांचं वेळापत्रकही तेच. सोयाबीनच्या सुड्या, म्हणजे कापलेल्या पिकाचे ढीग लागले की ते त्यांच्याखाली मुक्कामाला, मळणी झाली की धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या बिळात साठवलेल्या दाण्यावर, आणि हरभऱ्याला घाटे धरले की पुन्हा वावरात.

सुरुवातीला आमचा व्यवहार चारचौघांसारखाच होता. कास्तकारानं "उंदराचं औषध द्या" म्हणायचं, आम्ही झिंक फॉस्फाईडची पुडी द्यायची. आठवड्यात तोच माणूस दुकानात येऊन म्हणायचा, "भाऊ, तुमचं औषध डुप्लिकेट हाय." औषध अस्सल होतं, फसत होतं ते आमिष. उंदराला ओकता येत नाही, म्हणून अनोळखी खाणं तो आधी नुसतं चाखतो. झिंक फॉस्फाईडचा पोटातल्या आम्लाशी संबंध आला की फॉस्फिन वायू तयार होतो. पोटभर खाल्लेला मरतो, चाखून थांबलेला आजारी पडून वाचतो आणि त्या चवीला पुढं कित्येक आठवडे तोंड लावत नाही. म्हणजे पुडी जितकी घाईनं टाकाल तितके शहाणे उंदीर वावरात उरतात.

यावरचा उपाय कृषी विद्यापीठं कधीपासून सांगत आलीत: आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष, नुसता भरडा आणि गोडंतेल. पण उंदराला फुकट दाणा चारायचा ही गोष्ट कास्तकाराच्या गळी उतरवणं, हाच आमचा खरा धंदा होऊन बसला. पुडी देऊन ते साधेना, म्हणून गावातली चार पोरं हाताशी धरून आम्ही कामच अंगावर घ्यायला लागलो.

आमिषाचं माप ठरलेलं आहे. एक किलोला ९६० ग्रॅम भरडा, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड. फरक पडतो तो धान्याच्या प्रतीवर. आम्ही ज्वारी किंवा गहू जाडसर भरडून घेतो. पीठ झालं तर उंदराला ते उचलून खाता येत नाही. दाणा किडका, कुबट नको. तेलामुळे भुकटी दाण्याला चिकटते, पण तेल खवट असेल तर उंदीर दाण्याला शिवत नाही. तळणीचं उरलेलं तेल डब्यात आणून "हेच टाका" म्हणणारे आजही भेटतात, त्यांना आम्ही डबा परत देतो. कालवायचं काठीनं, हातमोजे घालून, आणि लागेल तेवढंच, त्याच दिवशी संपवायचं. पाण्याचा थेंब नको, ओल लागली की वायू तिथंच सुटतो. या विषावर उतारा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना कास्तकार-मजूर दगावले, तेव्हापासून हातमोज्यांना इकडे कुणी हसत नाही.

तयार आमिष पिशव्यांत भरून विका, असं सुचवणारे बरेच. त्याला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी आणि परवाना लागतो. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही. सीलबंद डबा वावरातच, मालकासमोर उघडतो.

दुसरा पेच बिलाचा. झिंक फॉस्फाईडनंतर जे हुशार उरतात त्यांच्यासाठी दहा-पंधरा दिवसांनी ब्रोमॅडिओलोनचं आमिष लागतं, प्रत्येक बिळात १५ ग्रॅम. त्यानं रक्त गोठायचं थांबतं. उंदीर तीन-चार दिवसांनंतर मरायला लागतो, म्हणून आमिषाचा आणि दुखण्याचा संबंध त्याला लागत नाही. पण मरतो बहुतेक बिळातच. मग कास्तकार विचारणार, "मेलेला दाखवा, मंग पैसे." त्याचंही खरं आहे, त्याला नुसतं खोदलेलं वावर दिसतं.

म्हणून आम्ही उंदीर मोजणं सोडलं आणि बिळं मोजायला लागलो. संध्याकाळी मालकाला बरोबर घेऊन सगळी बिळं मातीनं बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. आमिष फक्त त्यांतच, कागदाच्या पुडीत, आतवर सारून, म्हणजे मोर-तितराच्या चोचीला लागत नाही. काम झाल्यावर पुन्हा बुजवणी, पुन्हा मोजणी. अर्धे पैसे आधी, उरलेले या दुसऱ्या मोजणीवर. हा हिशेब कास्तकाराला लगेच पटला, कारण मोजणारा तोच.

एकट्याच्या वावराचं काम आता आम्ही घेत नाही. एक वावर रिकामं झालं की शेजारचे उंदीर तिथं यायला वेळ लागत नाही, आणि बोल आम्हाला. पूर्ण शिवार किंवा निदान नाल्याच्या दोन्ही काठची वावरं एकत्र आली तरच तारीख देतो. यात गिऱ्हाईक सुटतं. भावकीत बोलणं बंद असलेले दोन धुरेकरी एका तारखेला आणणं हे विष कालवण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

वर दिसणारे मेलेले उंदीर पोरं रोज सकाळी वेचून खोल पुरतात, नाहीतर घुबडं आणि कुत्री ते खाऊन मरतील. गव्हाणी घुबडासाठी वावरात टी आकाराचे थांबे लावून देतो. ते बिलात धरत नाही.

यंदा हरभऱ्याला घाटे धरायच्या आत काम उरकायचंय. दाणा भरला की उंदीर आमच्या भरड्याकडं पाहतसुद्धा नाही, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांना आम्ही सरळ पुढच्या हंगामाची तारीख देतो.