रकाना एकच आहे! : सामूहिक चित्रप्रदर्शनाचा माझा अनुभव

सामूहिक प्रदर्शन म्हटलं की लोक विचारतात, चित्रं जमली का? चित्रं जमतात हो. आमच्यातले अर्धे जेजेचे, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे, अर्धे बडोद्याचे, म्हणजे तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकलेले. एकमेकांना दाखवून द्यायचंच होतं, त्यामुळे कामं वेळेआधीच तयार. अडलो ते पुण्यातल्या एका सार्वजनिक कलादालनाच्या अर्जापाशी. त्यात एक रकाना होता: आयोजक संस्थेचे नाव.

आम्ही लिहिलं, 'चित्रकारांचा गट'. खिडकीपलीकडच्या साहेबांनी अर्ज परत सरकवला. "गट म्हणजे काय? नोंदणी आहे?"

नाही.

"मग कॉलेजचं पत्र आणा. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी."

कॉलेज सोडून बरीच वर्षं झाली, म्हटलं. "माजी विद्यार्थी म्हणून आणा." दोन कॉलेजं आहेत, म्हटलं. तर म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. रकाना एकच आहे."

झालं! जेजेवाल्यांचं (म्हणजे माझंही) म्हणणं, आपली संस्था १८५७ची, आता २०२३ पासून अभिमत विद्यापीठही, तेव्हा नाव आपलंच शोभेल. बडोदेकर म्हणाले, आम्ही पहिल्यापासून विद्यापीठातच शिकलो, विद्यापीठ व्हायची वाट बघत बसलो नाही. कुणीतरी बेंद्र्यांना मध्ये आणलं. १९५० साली बडोद्याच्या चित्रकला विभागाची सूत्रं ज्यांनी घेतली ते ना. श्री. बेंद्रे मुंबईचाच डिप्लोमा घेतलेले. या मुद्द्यावर दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असं वाटलं आणि पत्राचा मसुदा होता तिथेच राहिला.

इकडे आम्हाला हव्या असलेल्या तारखा दुसऱ्या कुणाला तरी जाणार अशी कुणकुण. खिडकीवर गेलं की साहेब मीटिंगला. भेटले की "पत्र आणलं?" शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाई फाइलमधून मान वर न काढता म्हणाल्या, "वैयक्तिक नावावर करा की." दरपत्रक दाराच्या मागे लावलेलं होतं, दार कायम उघडं. त्यात 'वैयक्तिक' असा स्वच्छ वेगळा दर. साहेबांना विचारलं, आधी का नाही सांगितलंत? "तुम्ही गट म्हणालात ना!" अजून आठवलं की डोकं फिरतं. तेव्हा अर्जाला हात लावण्याआधी दरपत्रक मागा आणि दाराच्या मागेही बघा.

वैयक्तिक अर्जाला स्थानिक पत्त्याचा पुरावा लागला. कोथरूडचं आधार कार्ड आमच्यातल्या एकाच मुलीकडे निघालं, आणि ती बडोद्याची! पावती तिच्या नावावर फाटली. आम्ही जेजेवाले काही बोललो नाही, म्हणजे फारसं नाही.

पुढचं सगळं सुरळीत. उद्घाटन, चहा, फोटो, नेहमीचंच. भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. साखळ्या आणि हुक दालनाचे की आपले, ते बुकिंगच्या वेळीच विचारा, आणि चित्रं टांगायचा दिवस भाड्यात धरलाय का तेही. लेबलवर कॉलेजचं नाव टाकू नका. जेजे म्हणजे हुबेहूब, बडोदा म्हणजे प्रयोग, असं लोक धरूनच चालतात. ज्या तैलरंगातल्या व्यक्तिचित्रासमोर लोक "हे जेजेचंच" म्हणत होते, ते बडोद्याचं निघालं. माझ्या अमूर्त चित्राला मात्र बडोद्याचं समजून दाद मिळाली. मी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

हां, एक राहिलंच. बडोद्याहून मोठे कॅनव्हास गुंडाळून आले. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन चुण्या आणि भेगा पडतात. ताणायच्या चौकटी इथेच करून घेतल्या, टेम्पोचं भाडं वाचलं.

आणि अनामत रक्कम परत मिळते ती पावतीवरच्या नावाच्याच खात्यात. आमच्या वाट्याचे पैसे सध्या बडोद्याच्या ताब्यात आहेत. चहाचा हिशोब लागल्याशिवाय देणार नाही म्हणते.