आधी आई दाखवा

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं बर्लिनबाहेरच्या एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभे होतो. पांढऱ्या व्हॅनचं मागचं दार उघडलं. आतल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून एका माणसानं लॅब्रॅडॉरचं पिल्लू उचललं आणि काही बोलायच्या आत माझ्या लेकीच्या हातात दिलं. वय आठ आठवडे, किंमत नऊशे युरो, तीही रोख. जाहिरातीत फोटो होता हिरवळीवर खेळणाऱ्या गुबगुबीत पिल्लाचा. लेकीच्या हातातल्या पिल्लाचं पोट मात्र तट्ट फुगलेलं होतं, डोळ्यांच्या कडांना पिवळी चिपडं होती आणि अंगाला कसल्यातरी शाम्पूचा उग्र वास येत होता. ते थरथरत होतं.

नवऱ्यानं विचारलं, "याची आई कुठे आहे?" त्या माणसानं मोबाइलवर एका कुत्रीचा फोटो दाखवला. म्हणाला, ती घरी आहे, घर लांब आहे, मुद्दाम तुमच्या सोयीसाठी मी इथवर आलो. मग त्यानं एक निळं पासपोर्टसारखं पुस्तक पुढे केलं. ते दुसऱ्याच देशात काढलेलं होतं. संध्याकाळी दुसरे लोक येणार आहेत, आत्ताच काय ते ठरवा, हेही सांगून झालं.

खरं सांगते, माझा हात पर्सकडे गेला होता. पोटात नुसतं कालवत होतं. वाटत होतं, हे इथंच राहिलं तर मरेल. नवऱ्यानं लेकीच्या हातातून ते हळूच काढून परत दिलं आणि आम्ही निघालो. घरी येईपर्यंत लेक बोलली नाही, फक्त रडत होती.

सोमवारी आमच्या गल्लीतल्या पशुवैद्य बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "गाडीचा नंबर टिपलात का?" नव्हता टिपला. तो टिपून लगेच पोलिसांना किंवा इथल्या पशुवैद्यकीय कार्यालयाला कळवायला हवं होतं, आणि याची रुखरुख मला आजही आहे. मग त्यांनी एक हिशेब मांडून दाखवला, तो माझ्या डोक्यात पक्का बसला आहे. परदेशातून जर्मनीत येणाऱ्या कुत्र्याला रेबीजची लस लागते. ती बारा आठवड्यांच्या आधी देता येत नाही, आणि दिल्यावर एकवीस दिवस थांबावं लागतं. म्हणजे बाहेरच्या देशातून कायदेशीरपणे आलेलं पिल्लू पंधरा आठवड्यांपेक्षा लहान असूच शकत नाही. आठ आठवड्यांचं पिल्लू आणि हातात परदेशी पासपोर्ट, एवढ्यावरच गुन्हा सिद्ध होतो. बाकी काही तपासायची गरजच नाही.

ही पिल्लं बहुतेक पूर्व युरोपातून येतात. तिकडे शेडमध्ये कोंडलेल्या कुत्र्या असतात. प्रत्येक माजाला त्यांना गाभण ठेवायचं, पिल्लं चार-पाच आठवड्यांची झाली की ओढून काढायची आणि गाडीत घालायची. आईचं दूध तुटलेलं, लस झालेली नाही, त्यात दिवसभराचा प्रवास. नव्या घरी आल्यावर आठवड्याभरात यातल्या कित्येकांना पार्वो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार होतो. मग घरच्यांची दवाखान्यात धावपळ, सलाइन, आणि बरेचदा तरीही पिल्लू हाती लागत नाही. मी म्हटलं, "पण निदान ते एक तरी वाचलं असतं ना?" त्या म्हणाल्या, जर्मन भाषेत याला एक खास शब्दच आहे, मिटलाइट्सकाउफ, म्हणजे दयेपोटी केलेली खरेदी. तुम्ही एक पिल्लू सोडवता आणि त्याच पैशांतून त्याच्या आईला पुन्हा गाभण ठेवलं जातं.

आपल्याकडे म्हणतात, खाण तशी माती. पिल्लू घेताना ही म्हण अगदी शब्दशः घ्यावी असं मला त्या दिवसापासून वाटतं. जात, रंग, किंमत सगळं नंतर. आधी आई दाखवा. ती कुठे राहते, धष्टपुष्ट आहे का, माणसाला बघून शेपूट हलवते की कोपऱ्यात दबून बसते, पिल्लं तिच्या अंगाखाली लोळताहेत का. आई दाखवत नसतील तर तिथून निघायचं.

आई दाखवणारी माणसंही इथे भेटतात, हे सांगायला हवं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकीनं ब्रांडेनबुर्गमधल्या एका खेड्यातून पिल्लू घेतलं, तेव्हा आम्ही तिच्याबरोबर गेलो होतो. कुत्री स्वयंपाकघरात पाय ताणून पडली होती आणि सहा पिल्लं तिला लुचत होती. पालनकर्त्या बाई व्हीडीएच या इथल्या जुन्या श्वानसंघटनेच्या सदस्य. त्यांनी आधी आईच्या सांध्यांचे आणि डोळ्यांचे तपासणी अहवाल टेबलावर ठेवले, मगच चहा विचारला. त्यांच्याकडे पिल्लासाठी वर्षभर थांबावं लागतं आणि पैसेही भरपूर जातात. कायद्यानं आठ आठवड्यांच्या आधी पिल्लू आईपासून तोडता येत नाही, आणि 2022 पासून पालनकर्त्यानं रोज किमान चार तास पिल्लांमध्ये मिसळायचं, असाही नियम आहे. एखाद्याला अमुक जातीचंच कुत्रं हवं असेल तर हा रस्ता सरळ आहे. पण त्या बाईंनी आम्हाला विचारलं, "तुम्ही दोघंही नोकरी करता ना? मग याच्याजवळ दिवसभर कोण?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा आम्ही टियरहाइमला जायचं ठरवलं. टियरहाइम म्हणजे प्राण्यांचं आश्रयघर. बर्लिनचं टियरहाइम शहराच्या ईशान्य टोकाला, फाल्कनबर्गला आहे. युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या आश्रयघरांमध्ये त्याची गणना होते. ते चालवणारी संस्था 1841 सालची, ही इमारत 2001 सालची. माझ्या डोळ्यांसमोर गंजक्या जाळ्या आणि भुंकण्याचा कल्लोळ होता. प्रत्यक्षात राखाडी काँक्रीटच्या गोलाकार, शांत इमारती, मधे पाणी, आणि प्रत्येक खोलीवर आतल्या जनावराची माहिती लिहिलेला कागद. त्यात काहीही लपवलेलं नव्हतं. हा पुरुषांना घाबरतो, हिला दुसरी मांजर चालत नाही, याला रोज थायरॉइडची गोळी लागते. पार्किंगमधल्या 'एकदम हेल्दी, एकदम प्रेमळ' या जाहिरातीनंतर हे कागद वाचताना मला आधार वाटला.

या देशात जागा नाही म्हणून प्राण्याला मारता येत नाही, त्यासाठी कायद्याला सबळ कारण लागतं. प्राणी ही वस्तू नाही असं इथल्या नागरी कायद्यात 1990 पासून लिहिलेलं आहे, आणि 2002 मध्ये प्राणिरक्षण थेट राज्यघटनेत आलं. पाळलेलं जनावर रस्त्यावर सोडलं तर पंचवीस हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून नकोसं झालेलं जनावर इथे येतं आणि घर मिळेपर्यंत राहतं. लॉकडाउनमध्ये लोकांनी हौसेनं जनावरं घेतली आणि ऑफिसं उघडल्यावर ती जड झाली, त्यामुळे अनेक टियरहाइम भरून गेली. नाताळच्या दिवसांत तर बरीच टियरहाइम प्राणी देणंच थांबवतात, म्हणजे कुणी त्यांना भेटवस्तू करू नये.

तिथे भरायला दिलेला फॉर्म बघून मला लग्नाच्या बैठकीची आठवण झाली. प्रश्न सगळे आम्हाला. घर किती मोठं, कितवा मजला, कुणाला अॅलर्जी आहे का, घरमालकाची परवानगी आहे का. (भाडेकरारात कुत्र्या-मांजरांना सरसकट बंदी घालता येत नाही असा इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे, पण मालकाचं पत्र हातात असलेलं बरं.) कुत्र्यासाठी तर वेगळंच. त्याला पुरेसा वेळ मोकळ्या हवेत बाहेर न्यायचं हा नियमच आहे. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो कर, शिवाय त्यानं कुणाला चावलं-पाडलं तर भरपाईसाठीचा विमा सक्तीचा.

फॉर्ममधल्या एका प्रश्नापाशी माझं पेन थांबलं. 'तुम्ही सुट्टीवर जाल तेव्हा प्राण्याला कोण सांभाळेल?' परदेशातल्या प्रत्येक मराठी घरानं या प्रश्नाला आधी उत्तर द्यावं असं मला कळकळीनं वाटतं. आपली सुट्टी चार दिवसांची नसते. सांगलीला जायचं म्हणजे पाच आठवडे. शिवाय रात्री दोनला फोन वाजला तर पहाटेचं विमान पकडावं लागतं, हे आपण सगळेच मनात धरून असतो. मी पेन खाली ठेवलं आणि घरी आले. खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक जर्मन आजी राहतात, त्यांची मांजर दोन वर्षांपूर्वी गेली. त्यांच्याकडे चहा घेताना विषय काढला. त्या काही न बोलता उठल्या आणि कपाटातून जुनी पिंजऱ्यासारखी टोपली काढून माझ्यासमोर ठेवली. पुढच्या भेटीत फॉर्ममध्ये त्यांचं नाव लिहिलं.

टियरहाइममधल्या बाईंनी फॉर्म वाचला आणि स्पष्ट सांगितलं, तुम्हाला पिल्लू देता येणार नाही, ते दिवसाचे सात तास एकटं राहू शकत नाही. लेकीचा चेहरा पडला. मग त्या आम्हाला मांजरांच्या विभागात घेऊन गेल्या. पाउल आणि ऑट्टो, नऊ वर्षांचे दोन सख्खे बोके. मालकीणबाई वृद्धाश्रमात गेल्या आणि हे दोघं इथे आले. दोघांना एकत्रच द्यायचं ठरलेलं, आणि म्हातारी जोडी कोण नेणार, म्हणून पाच महिने तिथेच. ऑट्टो उंच फळीवर पाठ करून बसला होता. पाउल खाली आला, लेकीच्या बुटाची लेस हुंगली आणि तिथेच बुटावर बसला. लेक तब्बल अर्धा तास पाय न हलवता उभी राहिली.

एकदा बघितलं आणि उचलून आणलं असं तिथे होत नाही. आम्ही तीनदा गेलो. मधल्या काळात बाल्कनीला जाळी बसवली, तिचा फोटो पाठवला. लसी, ओळखीची चिप, नसबंदी सगळं त्यांनी केलेलं होतं. संस्थेला द्यायची रक्कम दोघांची मिळून त्या पार्किंगमधल्या पिल्लाच्या निम्मीसुद्धा झाली नाही. करारात लिहिलं आहे की यांना विकायचं नाही, परस्पर कुणाला द्यायचं नाही, जमलं नाही तर परत इथेच आणायचं. कधीही येऊन बघायचा हक्क त्यांनी राखून ठेवला आहे. माझ्या भावाला फोनवर हे सगळं अति वाटलं. मला तर हायसं वाटलं. एवढी चौकशी करणारं कुणीतरी त्या जनावरांच्या मागे उभं होतं.

भावाचा दुसरा प्रश्न होता, "अगं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा आपल्या वाड्याखालचं एखादं पिल्लू का नाही नेलंस?" नेता येतं, पण वेळ लागतो. चिप, बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस, मग किमान तीस दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासणी, आणि रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. पिल्लू जवळजवळ सात महिन्यांचं होतं. कायमचे इकडे येणारे काहीजण आपलं देशी कुत्रं असं आणतात, त्यांचं मला कौतुक आहे.

पण भाऊ स्वतः मुलांसाठी हस्की शोधत होता, सांगलीच्या उन्हात. त्याला मी जे सांगितलं ते इथेही लिहिते. आपल्याकडेही श्वानपालनाचे 2017 चे आणि पेट शॉपचे 2018 चे नियम आहेत. दुकानाला आणि पालनकर्त्याला राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाची नोंदणी लागते, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागायचा. दुकानाच्या पिंजऱ्यातल्या पिल्लाची आई कुठे आहे ते विचारायचं. आणि वाड्याखाली, रिक्षा स्टँडमागे, देवळाच्या पायरीशी जी पिल्लं आहेत, त्यांची आई तर समोरच असते. तिला गल्लीतलं प्रत्येक पोर ओळखतं, ती कुणावर गुरगुरते नि कुणाची पोळी खाते हे सगळ्यांना माहीत असतं. पिल्लू सुटं होऊन खायला लागलं की घ्यायचं, लस द्यायची, आणि त्याच फेरीत आईचीही नसबंदी करून घ्यायची. भावानं हस्कीचा विचार सोडला आहे. पिल्लाचं अजून ठरलेलं नाही, वहिनीला वेळ हवा आहे, आणि तिनं तो घ्यावा.

पाउल आणि ऑट्टो घरी आले तेव्हा टोपलीबरोबर त्यांचं जुनं लोकरी पांघरूण होतं आणि एक घडी घातलेली चिठ्ठी होती. त्यांच्या मालकीणबाईंनी थरथरत्या अक्षरात लिहिलेली. ऑट्टोला बंद दारं आवडत नाहीत. पाउलला गाजर आवडतं, पण उकडलेलं. दिवा बंद करण्याआधी त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, त्यांना सवय आहे.

ऑट्टो नऊ दिवस वॉशिंग मशीनच्या मागे होता. आम्ही एकही दार लावलं नाही. लेक रोज रात्री तिथे पालथी पडून त्याला शाळेतलं काहीबाही सांगायची, आधी जर्मनमध्ये, कारण त्याला तेच कळतं असं तिचं म्हणणं, आणि मग झोप आली की आपसूक मराठीत. दहाव्या रात्री तो बाहेर आला आणि तिच्या पायाशी, त्या जुन्या पांघरुणावर जाऊन बसला. आता तो रोज तिथेच असतो. मी दाराशी उभी राहून "झोपा रे आता" म्हणते, दोघंही कान हलवतात, आणि मग मी दिवा मालवते.