तुम्ही विचारलंत म्हणून: लीगचे नियम असे का?

स्टॉक कार शर्यतींची (दिसायला नेहमीच्या मोटारींसारख्या गाड्यांच्या शर्यतींची) हौशी फँटसी लीग, म्हणजे खरे चालक निवडून त्यांच्या निकालांवर गुण मिळवण्याचा खेळ, चालवायची तर नियम कोणते ठेवावेत, हा प्रश्न अमेरिकेतल्या शार्लट शहरात आणि आसपास राहणारे मराठी स्नेही मला वरचेवर विचारतात. आमच्या लीगमध्ये नव्याने येणारा प्रत्येक जण त्याला हमखास आणखी एक प्रश्न जोडतो: काइल लार्सन हा चालक इतका जिंकतो, तर त्याला दर रविवारी का घेता येत नाही? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकत्रच देते.

आमचे बहुतेक सदस्य नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनात आले. क्रिकेटच्या मोसमात टीम लावण्याची सवय त्यांना आधीपासून होती; नॅस्कारची, म्हणजे स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची, ओळख मात्र इथे आल्यावर झाली, आणि ती होणे अटळच होते, कारण तिच्या सर्वोच्च पातळीवरच्या कप मालिकेतले बहुसंख्य संघ याच परिसरात आहेत. हेंड्रिक मोटरस्पोर्ट्स कॉन्कर्डला, जो गिब्ज रेसिंग हंटर्सव्हिलला, पेन्स्कीचा संघ मूर्सव्हिलला. काही सदस्य प्रत्येक गाडीचा क्रमांक तोंडपाठ असणारे आहेत, तर काही जण मुलांच्या पोहण्याच्या वर्गाबाहेर बसून घाईघाईने नावे पाठवणारे आहेत. नियम या दुसऱ्या गटाकडे पाहून करावेत, असे माझे ठाम मत आहे. जाणकार माणूस कुठल्याही नियमात रमतो. फेब्रुवारीत हंगामाच्या पहिल्या शर्यतीला, डेटोनाला, उत्साहाने आलेला नवखा माणूस ऑगस्टमध्येही टिकून राहिला, तरच लीग चालली असे म्हणता येते.

आमच्याकडे प्रत्येक सदस्य दर शर्यतीला तीन चालक आणि एक राखीव चालक निवडतो. शर्यतीत ३६ ते ४० गाड्या असतात, आणि त्यांतल्या तीन गाड्यांवर नवखा प्रेक्षकही नजर ठेवू शकतो. पाच-सहा झाल्या की तो पडद्याऐवजी गुणफलक पाहू लागतो. एका चालकाला हंगामात जास्तीत जास्त पाच वेळा निवडता येते. या पाचाच्या आकड्यामागे साधा हिशेब आहे. हंगामात गुणांच्या ३६ शर्यती असतात, म्हणजे तीनप्रमाणे १०८ निवडी होतात. मर्यादा तीनची ठेवली, तर सनद (म्हणजे प्रत्येक शर्यतीत जागेची हमी) असलेल्या सर्व ३६ गाड्यांचे चालक प्रत्येकी बरोबर तीन वेळा वापरावे लागतील आणि निवडीला काही अर्थच उरणार नाही. दहाची ठेवली, तर अकरा चालकांवर पूर्ण वर्ष निघते आणि सगळ्यांच्या याद्या सारख्याच दिसू लागतात. पाचच्या मर्यादेत किमान बावीस चालक वापरावे लागतात. आघाडीचे दहा-बारा सर्वांनाच ठाऊक असतात. त्यांच्या पलीकडचे दहा शोधताना माणूस खरोखर शर्यती पाहायला शिकतो. मार्टिन्सव्हिलच्या जेमतेम अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर कोणाचे ब्रेक टिकतात, डार्लिंग्टनच्या खरबरीत डांबरावर टायर कोण जपून वापरतो, असे प्रश्न त्याला आपणहून पडू लागतात.

ही मर्यादा किती मजा आणते, ते २०२५ च्या हंगामात दिसले. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन वळणावळणांच्या रोड कोर्सवर आणि शहरी रस्त्यांवरच्या शर्यतींत जवळजवळ अजिंक्य होता; ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, मात्र तो अजून शिकतच होता. त्या वर्षी अशा सहा शर्यती होत्या आणि त्याला घेण्याच्या संधी पाच. मेक्सिको सिटी, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि शार्लटचा रोव्हल (ओव्हल आणि रोड कोर्स मिळून केलेला ट्रॅक) अशा पाचही शर्यती त्याने जिंकल्या. ऑस्टिनची सहावी क्रिस्टोफर बेलने जिंकली. ऑस्टिनला संयम राखून व्हॅन गिसबर्गनला हात न लावलेल्या सदस्याला पाचही विजय मिळण्याची सोय होती. मर्यादाच नसती, तर या सहा रविवारी कोणाला विचारच करावा लागला नसता.

डेटोना आणि टॅलाडेगा या मोठ्या ट्रॅकसाठी काही लीग वेगळे नियम करतात, कारण तिथे गाड्या एकमेकींना चिकटून झुंडीने धावतात आणि एका धक्क्यात वीस गाड्या बाद होऊ शकतात. आम्ही तिथे काहीही वेगळे केलेले नाही. २०२१ च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या फेरीत आघाडीवरचे दोघे एकमेकांवर आदळले आणि मायकल मॅकडॉवेल आपल्या ३५८ व्या शर्यतीत पहिल्यांदा जिंकला. अशा दिवशी जाणकार आणि नवखा एका पातळीवर येतात. वर्षातून काही रविवार तसे असणे हौशी लीगला पोषकच आहे.

गुण स्वतःचे शोधून काढू नयेत, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. नॅस्कार चालकाला देते तेच गुण सदस्याला द्यावेत. २०१७ ते २०२५ या हंगामांत विजेत्याला ४०, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला ३४ अशी उतरती मांडणी होती आणि शर्यतीच्या पहिल्या दोन टप्प्यांच्या अखेरीस पहिल्या दहांना १० ते १ असे जादा गुण मिळत. नवख्यांना या टप्प्यांचे महत्त्व लवकर कळत नाही, म्हणून मी एक उदाहरण नेहमी देते: दोन्ही टप्पे जिंकून शेवटी विसाव्या स्थानावर घसरलेल्या चालकाचे वीस अधिक सतरा असे ३७ गुण होतात, म्हणजे टप्प्यांत काहीही न मिळवता दुसरा आलेल्या चालकापेक्षा दोन जास्त. एवढे समजले की माणूस शर्यतीचा पहिला तासही लक्ष देऊन पाहतो. अधिकृत गुणांना आमचा एकच अपवाद आहे. २०११ पासून चालकाला कोणत्या तरी एकाच मालिकेत अजिंक्यपदाचे गुण मिळवता येतात, त्यामुळे दुसऱ्या मालिकेतून पाहुणा म्हणून आलेल्या चालकाच्या नावापुढे कप मालिकेत शून्य लागते. अशा चालकाला आम्ही त्याच्या स्थानाप्रमाणे गुण देतो.

निवडी शर्यतीच्या दिवशी दुपारी बाराला, शार्लटच्या घड्याळाप्रमाणे, बंद होतात. उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, त्यामुळे तिकडून खेळणाऱ्यांनाही झोपण्यापूर्वी नावे पाठवता येतात. शर्यत दुपारी तीनला असेल, तर त्यांच्याकडे सोमवार उजाडून अर्धा तास झालेला असतो. पावसाचा नियमही आधीच लिहून ठेवावा. एकही फेरी न होता शर्यत पुढे गेली, तर निवडी पुन्हा खुल्या होतात. हिरवा झेंडा एकदा पडला, म्हणजे शर्यत सुरू झाली, की त्या तशाच राहतात. डेटोना ५०० ची शर्यत २०२० मध्ये वीस फेऱ्यांनंतर सोमवारवर गेली आणि २०२४ मध्ये सुरू होण्याआधीच गेली. दोन्ही वर्षी सोमवारच निघाला, पण आमच्या नियमाने या दोन वेगळ्या परिस्थिती ठरतात.

राखीव चालक कशासाठी, याचे उत्तर २६ मे २०२४ च्या संध्याकाळी मिळाले. लार्सन त्या दिवशी इंडियानापोलिस ५०० आणि शार्लटची कोका-कोला ६०० अशा दोन्ही शर्यती चालवणार होता. पावसामुळे इंडियानापोलिसची सुरुवात कित्येक तास लांबली आणि शार्लटला हिरवा झेंडा पडला तेव्हा त्याच्या गाडीत जस्टिन ऑलगायर बसलेला होता. लार्सन विमानाने शार्लटला पोहोचतो न पोहोचतो, तोच तिथेही पाऊस आला. २४९ फेऱ्यांवर थांबलेली शर्यत पुन्हा सुरू झालीच नाही, बेल विजेता ठरला आणि लार्सनला एकही फेरी मारता आली नाही. आमचा नियम सांगतो की निवडलेल्या चालकाने स्वतः शर्यत सुरू केली नाही, तर राखीव चालकाचे गुण धरावेत आणि न धावलेल्या चालकाची संधी खर्ची पडू नये. त्या रात्री लार्सन ज्यांच्या यादीत होता, त्यांच्यापैकी कोणालाही वाद घालावा लागला नाही.

आता नावे पाठवायला विसरणाऱ्यांविषयी. आमचा हंगाम फेब्रुवारीच्या थंडीपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. मध्ये शाळांच्या सुट्ट्या येतात, भारताच्या वाऱ्या येतात, गणपती येतात. विसरणाऱ्याला शून्य देणे दिसायला न्याय्य असले, तरी व्यवहारात ते माणूस घालवण्याचे साधन ठरते, कारण दोन शून्यांनंतर कोणी परत येत नाही. आम्ही त्याला त्या आठवड्यातल्या सर्वांत कमी गुणांइतके गुण देतो. शिवाय वर्षाच्या अखेरीस प्रत्येकाचे सर्वांत वाईट चार आठवडे वगळतो आणि उरलेल्या ३२ शर्यतींची बेरीज धरतो. हंगामाचे बारा-बारा शर्यतींचे तीन भाग पाडून प्रत्येक भागाचा वेगळा विजेताही काढतो, जेणेकरून वसंतात मागे पडलेल्याला उन्हाळ्यात नव्याने उभे राहता येते. नॅस्कारमध्ये २०२५ पर्यंत हंगामाच्या अखेरीस चालकांना टप्प्याटप्प्याने स्पर्धेबाहेर काढणाऱ्या बाद फेऱ्या होत; त्यांची नक्कल आम्ही मुद्दाम केलेली नाही. हौशी मंडळींना सप्टेंबरमध्ये स्पर्धेबाहेर काढून ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडून उत्साहाची अपेक्षा करणे मला पटत नाही.

इथवरचे नियम सैल आहेत. हिशेबाचा नियम मात्र घट्ट असावा आणि तो कोणासाठीही वाकवू नये. शर्यतीनंतर गाड्यांची तपासणी होते आणि तिच्यानंतरचा अधिकृत निकालच आम्ही धरतो. २०२२ मध्ये पोकोनोला पहिले दोन आलेले डेनी हॅमलिन आणि काइल बुश हे दोघेही तपासणीत बाद झाले. गाडीच्या पुढच्या भागावर, रंगीत आवरणाखाली, चिकटपट्टीचा एक तुकडा सापडला होता. एकही फेरी आघाडीवर न राहिलेला चेस एलियट विजेता ठरला. २०२४ मध्ये तर एका वजनकाट्याने अजिंक्यपदाची वाट बदलली. रोव्हलनंतर जोई लोगानो बाद फेऱ्यांतून बाहेर पडला होता, पण ॲलेक्स बोमनची गाडी वजनात कमी भरल्याने तो परत आत आला आणि पुढे विजेतेपदही त्यानेच मिळवले. म्हणून रविवारी रात्री कोणाचेही अभिनंदन अधिकृत समजू नये, असे मी सदस्यांना सांगते.

आठवड्याच्या मध्यावर जाहीर होणारी गुणकपात मात्र आम्ही धरत नाही. मार्च २०२३ मध्ये हेंड्रिकच्या चालकांचे प्रत्येकी शंभर गुण कापले गेले आणि त्याच महिन्यात अपिलात ते परत मिळाले. नोकरी सांभाळून लीग चालवणाऱ्याने असल्या अपिलांच्या मागे धावू नये. चालकाने ट्रॅकवर जे मिळवले, ते निवडणाऱ्याचे झाले; त्यानंतर संघाला झालेला दंड हा संघाचा प्रश्न आहे. बुधवारी रात्री आमची वही बंद होते.

ही वही, म्हणजे सामायिक तक्ता, प्रत्येक सदस्याला केव्हाही पाहता आलीच पाहिजे, आणि याबाबत माझा आग्रह केवळ सोयीपुरता नाही. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलला वेंडेल स्कॉटने शर्यत जिंकली, पण विजेता म्हणून बक बेकरचे नाव पुकारले गेले आणि करंडकही त्यालाच देण्यात आला. मोजणीत चूक झाल्याचे काही तासांनी मान्य झाले, तोवर प्रेक्षक घरी गेले होते. नॅस्कारच्या सर्वोच्च पातळीवर जिंकणारा स्कॉट हा पहिला कृष्णवर्णीय चालक होता, आणि तो काळ अमेरिकेच्या दक्षिणेत वंशभेदाचा होता. ती चूक निव्वळ मोजणीची होती, असे स्कॉटच्या कुटुंबाने कधीच मानले नाही. स्कॉट १९९० मध्ये निवर्तला. त्या विजयाचा करंडक त्याच्या कुटुंबाला २०२१ मध्ये डेटोनाला सन्मानाने देण्यात आला. आमच्या घरगुती तक्त्याची त्या घटनेशी तुलना होऊ शकत नाही, हे मी जाणते. तरीही ज्या खेळाच्या इतिहासात अशी नोंद आहे, त्याचे गुण लिहिणाऱ्याने ते उघड्यावर लिहावेत आणि कोणी शंका घेतली तर रागावू नये, एवढे मला आवश्यक वाटते.

पैसे लावू नयेत; त्याने स्नेह बिघडतो आणि प्रत्येक नियमाचा खल होऊ लागतो. अपघातावर गुण कधीही देऊ नयेत. पहिला कोण आपटेल, किती गाड्या मोडतील, अशा पैजा काही ठिकाणी गमतीने लावल्या जातात, पण आमच्या नियमपत्रात त्यांना स्पष्ट मनाई आहे. २०२० च्या डेटोना ५०० मध्ये अंतिम रेषेपाशी रायन न्यूमनची गाडी हवेत उडून उलटी पडली आणि पुढचे सुमारे दोन तास तो जिवंत आहे की नाही, हे आम्हा प्रेक्षकांना माहीत नव्हते. दोन दिवसांनी तो आपल्या दोन्ही मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना रडू आवरले नाही. त्या काही तासांत कोणी गुणांची बेरीज करत बसले असते, तर मी ही लीग पुढे चालवली नसती.

नवी लीग सुरू करण्यासाठी फेब्रुवारीपर्यंत थांबण्याची गरज नाही. मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेच्या आदल्या दिवशी होणारी कोका-कोला ६०० आमच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीच्या सुमारास येते आणि नवखी मंडळी आम्ही बहुधा तेव्हाच घेतो. त्यांना पाचाऐवजी तीनच वेळा एक चालक वापरता येतो, कारण त्यांच्यापुढे सुमारे दोन तृतीयांश हंगाम उरलेला असतो. सहा-सात जण जमले तरी पुरे. बारांच्या वर गेले, तर दोन गट करावेत, नाहीतर तक्ता भरणाऱ्याचा सोमवार त्यातच जातो. नियम एका पानावर मावावेत आणि पहिल्या शर्यतीआधी ते सर्वांनी वाचल्याचे कळवावे. हंगाम सुरू असताना एखादा नियम खटकला, तर त्याची नोंद करून ठेवावी आणि बदल पुढच्या फेब्रुवारीत करावा.