तुम्ही विचारलंत म्हणून: पखवाज कुणाकडे शिकलात?

पखवाज वाजवून खाली ठेवला की कुणीतरी हमखास विचारतं, "कुणाकडे शिकलात?" विचारणाऱ्याला एखाद्या मोठ्या गुरूचं नाव ऐकायचं असतं. मी लालबागच्या एका खोलीचं सांगतो.

1971 साली गावाहून वडिलांकडे आलो. गावकीची, म्हणजे गावातल्या माणसांनी मिळून ठेवलेली, खोली ती. पंचवीसेक माणसं, सगळी गिरणीत. कामाला पाळ्यांनी जायची आणि झोपायचीही पाळ्यांनीच. खोलीचं स्वतःचं भजनी मंडळ होतं. लालबाग-परळात तेव्हा अशी मंडळं चाळीचाळीत होती. शनिवारी रात्री जिना उतरताना वरच्या मजल्यावर गौळण, तर खालच्या मजल्यावर गजर कानावर यायचा.

आमचे पखवाजवाले काका साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर, होते. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्यांना ऐकू कमी यायचं. त्यामुळे उजवी पुडी, म्हणजे उजव्या तोंडाचं कातडं, पेटीच्या सुरात लागली की नाही, ते गाणारे बुवा खुणेनं सांगायचे. डावी मात्र काका स्वतःच लावायचे, तळहातानं.

डाव्या पुडीला कणीक लावतात. ती आणणं हे माझं पहिलं काम. खाणावळीतल्या मावशींकडून मीठ-तेल न घातलेला गोळा घ्यायचा आणि काका म्हणतील तोवर मळायचा. काका तळहात टेकवून बघायचे आणि म्हणायचे, "अजून मळ." घट्ट राहिली तर ती सुटून येते, सैल झाली तर आवाज बसतो. वाजवता वाजवता सुकायला लागते, मग ठेका न सोडता ओलं बोट फिरवायचं. एवढं जमायलाच मला दोन वर्षं लागली.

पुढे ते मला वाजवायला बसवू लागले. भजनी ठेका आठच मात्रांचा, पण गजराची लय चढली की हात पळायला लागतो. कोरस आणि झांजांच्या गलक्यात माझं वाजवणं काकांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. ते शेजारी बसून पखवाजाच्या लाकडी खोडावर हात ठेवायचे. लय ढळली की हात उचलायचे, सावरली की परत ठेवायचे. बोलायचे काहीच नाहीत. डबलबारीत, म्हणजे दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्यात, समोरचे बुवा कितीही रंगात आले तरी माझं लक्ष त्या हाताकडेच असायचं.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. खोली हळूहळू रिकामी झाली. बुवा गेले, पेटी गेली. काका जाताना पखवाज माझ्याकडे ठेवून गेले. "संप मिटला की येतो," म्हणाले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही.

मी वाजवतो तो हाच पखवाज. पुड्या कितीदा बदलल्या, त्या ताणून धरणाऱ्या चामड्याच्या वाद्याही बदलल्या. खोड तेच आहे, आणि काकांचा हात जिथं असायचा, तिथं ते अजून गुळगुळीत लागतं.