पिवळ्या रंगातलं आमचं मैदान

आमचं घर नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात, माथाडी कामगारांच्या वस्तीत. आप्पांची सगळी उमेद मार्केटमध्ये गोण्या वाहण्यात गेली. बाजार मुंबईतून इकडे आला तशी माणसंही इकडे आली, त्यातलेच आम्ही. मुळातलं बैठं घर, त्यावर वाढत्या संसाराबरोबर चढलेले मजले आणि मध्ये अशी गल्ली की दोन बाईक समोरासमोर आल्या तर एकीला थांबावंच लागतं. अशा वस्तीत गल्लीच्या टोकाला एक भूखंड वर्षानुवर्षं मोकळा आहे. मी तिथेच सायकल शिकले. माझा मुलगा आता तिथे क्रिकेट खेळतो. नवरात्रात गरबा तिथेच, लग्नाचा मांडव तिथेच आणि मयत झालं तर माणसं जमतात तीही तिथेच. आम्ही त्याला 'मैदान' म्हणतो. ते कागदावर मैदान आहे की नाही, हे कधी कोणी पाहिलं नव्हतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये नवी मुंबईचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या गेल्या. आप्पा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, जाहीर नोटिशीसुद्धा सोडत नाहीत. त्यांनीच मला हाक मारली, "बाळ, हे बघ, शहराचा नकाशा लागलाय म्हणे. आपलं मैदान त्यात कसं दाखवलंय ते जाऊन बघ."

महापालिका १ जानेवारी १९९२ ला स्थापन झाली, पण शहर त्याच्या कितीतरी आधीपासून सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, आखलेलं. महापालिकेने स्वतः तयार केलेला हा पहिलाच विकास आराखडा. असा आराखडा साधारण वीस वर्षांचा विचार करून होतो. माझ्या मुलाची आख्खी शाळा, कॉलेज, नोकरीची सुरुवात त्या वीस वर्षांत बसते. हा हिशेब डोक्यात आला आणि मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बेलापूरच्या मुख्यालयात गेले.

नकाशा भिंतीएवढा होता. त्यात मला स्वतःचं घर सापडेना. पंचवीस वर्षं ज्या वस्तीत राहिले ती वस्ती म्हणजे एका रंगाचे छोटे छोटे चौकोन झाले होते. मी मोबाइलवर फोटो काढले, आमच्या नोडच्या, म्हणजे शहराच्या आमच्या भागाच्या, तक्त्याची पानं काढली आणि परत आले.

पुढचं सगळं शक्य झालं ते मागच्या गल्लीतल्या काकांमुळे. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर जमीन मोजली. त्यांनी मला जमिनीवर बसवलं, फोटो लॅपटॉपवर मोठे केले आणि म्हणाले, "आधी घर शोधायचं नाही. आधी रेल्वे शोध." ठाण्याहून नेरूळकडे जाणारी लाइन सापडली. मग स्टेशन. मग निसर्ग उद्यान, जे जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभं राहिलं. तिथून रस्ते मोजत मोजत आमची गल्ली. माझं बोट आमच्या मैदानावर आलं आणि थांबलं. तो भाग पिवळा होता.

पिवळा म्हणजे निवासी. उद्यान किंवा मैदान असतं तर हिरवा रंग आणि त्यावर आरक्षणाचा, म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेल्या जागेचा, क्रमांक असता. इथे क्रमांक नव्हता. याचा अर्थ तिथे उद्या इमारत होणारच असा नाही, काकांनी हे दोनदा सांगितलं. पण इमारत होऊ नये असं नकाशा कुठे म्हणत नव्हता. आम्ही ज्याला मैदान म्हणत होतो ते फक्त आमच्या बोलण्यात मैदान होतं.

काकांनी दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवायला शिकवलं. एक अस्तित्वातील जमीन वापराचा, म्हणजे आज काय आहे. दुसरा प्रस्तावित जमीन वापराचा, म्हणजे पुढे काय व्हावं. आज जे आहे तेच चुकीचं नोंदलं गेलं असेल तर ती एक हरकत. आज जे आहे ते बरोबर आहे, पण पुढचं वेगळं हवं असेल तर ती सूचना. दोन्ही एका वाक्यात कोंबल्या की वाचणाऱ्याला नेमकं काय हवंय ते कळत नाही. ही एक गोष्ट कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या, पण अर्जाचा अर्धा जीव त्यात होता.

हरकती-सूचना द्यायच्या मुदतीचे तेरा दिवस उरले होते. आम्ही रविवारी मैदानातच बैठक लावली.

त्या बैठकीबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण लोकांचं मत विचारणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मला वाटलं होतं, सगळे 'मैदान हवं' म्हणतील, सह्या करतील, घरी जातील. तसं झालं नाही. म्हातारी मंडळी म्हणाली, इथे समाजमंदिर बांधा, लग्नाला हॉल परवडत नाही. रिक्षा आणि टेम्पोवाले म्हणाले, पार्किंग करा, रात्री बारा वाजता गाडी लावायला जागा नसते. दोन-तीन जणांना व्यायामशाळा हवी होती. शेजारच्या मामी उठल्या आणि म्हणाल्या, "माझी पोरगी एमपीएससीचा अभ्यास गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून करते. तिला अभ्यासिका द्या. खेळायला तर गल्लीतपण खेळतात." त्यावर पोरं एकदम ओरडली की गल्लीत खेळलो तर तुम्हीच हाकलता. सगळे हसले, पण मामी हसल्या नाहीत. त्या खरंच बोलत होत्या आणि त्यांचं म्हणणं खरं होतं.

तासभर कोणी कोणाचं ऐकलं नाही. मग काका उभे राहिले. ते म्हणाले, "हा आराखडा जागेचं बोलतो. कुठली जागा कशासाठी राखायची, एवढंच. पाण्याचा दाब, दिवे, कचरा, अभ्यासिकेत पंखा आणि पुस्तकं, ही सेवा आहे. तिचा रस्ता विभाग कार्यालयातून आणि बजेटमधून जातो. आज आपल्या हातात जागेचा कागद आहे. कुठली गोष्ट अशी आहे की ती जागा गेली की पुन्हा मिळणारच नाही?"

यावर पहिल्यांदा सगळे गप्प झाले. समाजमंदिरावर मजला चढवता येतो. अभ्यासिका शाळेच्या रिकाम्या खोलीत संध्याकाळी चालवता येते. पण वस्तीत मोकळी जमीन नव्याने तयार करता येत नाही. मामी जरा वेळाने म्हणाल्या, "मग मैदानाचा अर्ज करा. पण माझ्या अभ्यासिकेचा अर्ज पण लिहून द्यायचा. विसरायचं नाही." मी त्यांच्यासमोर वहीत लिहून घेतलं.

मला आजही वाटतं की त्या दिवशी आम्ही सह्यांचा कागद फिरवून मोकळे झालो असतो, तर मामींचं म्हणणं त्या सह्यांखाली दबून गेलं असतं.

अर्ज लिहायला तीन रात्री गेल्या. पहिला मसुदा मी भावनेने लिहिला होता: आमचं बालपण, आमचे सण. काकांनी तो वाचला, खोडला नाही, बाजूला ठेवला. "हे सुनावणीत बोल. कागदावर जागा सांग." मग कागद असा झाला: भूखंडाच्या चारही बाजूंना काय आहे, आराखड्याच्या कुठल्या पानावर तो येतो, आज प्रत्यक्षात त्याचा वापर काय, आम्हाला काय हवंय आणि का. मागणी एकच, खेळाच्या मैदानाचं आरक्षण. 'का' मध्ये मी दोन गोष्टी दिल्या. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं सुचवलंय. आमच्यासारख्या दाट वस्तीत ते गाठणं अवघड आहे, म्हणूनच आहे तेवढी जागा तरी राखावी, हे पहिलं. दुसरं, जवळच्या दुसऱ्या मैदानापर्यंत मी स्वतः मुलाला घेऊन चालत गेले. चौदा मिनिटं लागली आणि वाटेत एक वाहता रस्ता ओलांडावा लागला. आठ वर्षांचं पोर तिथे एकटं जाऊ शकत नाही.

सोबत फोटो जोडले. एकाच दिवसाचे, चार वेळांचे. पहाटे चालणाऱ्या बायका, सकाळी स्कूलबसची रांग, दुपारी सावलीत बसलेले म्हातारे, संध्याकाळी चेंडूमागे पळणारी चाळीस-पन्नास मुलं. नकाशाच्या प्रतीवर भूखंड लाल पेनाने गोल केला. शेवटच्या ओळीत लिहिलं की सुनावणीत प्रत्यक्ष म्हणणं मांडायची संधी मिळावी. ही ओळ कोणीही विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

अर्ज सहायक संचालक, नगररचना यांच्या नावे. बेलापूरला आवक विभागात दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतला. कामाला दहा मिनिटं लागली.

सुनावणीचं पत्र यायला काही महिने गेले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार या हरकती-सूचना नियोजन समितीपुढे जातात. नगररचना आणि पर्यावरण या विषयांचे जाणकारही तिच्यात असतात. त्या काळात महापालिकेत नगरसेवक नव्हते. २०१५ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत २०२० च्या मे महिन्यात संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता. एरवी आप्पा म्हणाले असते, "नगरसेवकाला सांग." या वेळी सांगायला तो नव्हता. आमचं म्हणणं आम्हालाच मांडायचं होतं.

मी, काका, मामी आणि पोरांमधला एक अकरावीतला मुलगा, असे चौघे गेलो. आप्पांना चालवत नाही, त्यांनी मला फक्त इस्त्रीची साडी नेसायला लावली. आमच्या आधीचे लोक बोलत होते ते ऐकताना जाणवलं की शहरात किती प्रकारची माणसं आपापला तुकडा हातात धरून बसली आहेत. कोणाच्या घरावरून रस्ता जात होता. कोणाला गावठाणाची हद्द चुकल्यासारखी वाटत होती. त्यांच्यापुढे आमचं दुःख लहान होतं, आणि तेवढ्यात आमचा क्रमांक पुकारला.

बोलायला जेमतेम पाच मिनिटं. मी पाठ केलेलं सगळं बोलले नाही, कारण त्यांनी थेट प्रश्न विचारले. मैदान म्हणून वापर कधीपासून? जवळचं दुसरं मैदान किती लांब? जागा कोणाच्या मालकीची, हे पाहिलंय का? तिसऱ्या प्रश्नाची तयारी काकांनी करून घेतली होती. मी म्हणाले, "वाटप न झालेली जमीन सिडकोकडे आहे हे आम्हाला माहीत आहे. आराखडा वापर ठरवतो, मालकी बदलत नाही. जागा मिळवणं ही पुढची पायरी आहे, हे समजून आम्ही वापर ठरवायची विनंती करतोय." समितीतल्या एकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं. मग मामींनी न विचारता एकच वाक्य म्हटलं, "साहेब, आमच्या घरात दार उघडलं की समोर भिंत आहे. पोराला आभाळ तिथे दिसतं." मी तीन रात्री लिहिलेल्या कागदात हे वाक्य नव्हतं.

बाहेर आल्यावर अकरावीतला मुलगा म्हणाला, "ताई, झालं का मग मैदान?" मी त्याला खरं ते सांगितलं. समिती अहवाल देईल, मग आराखडा शासनाकडे जाईल, तिथे मंजुरी होते, बदलही होतात. आणि आरक्षण पडलं तरी कुंपण, माती, दिवे यासाठी पैसे लागतात, ते वेगळं मागावं लागतं. तो ट्रेनमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. तुर्भे गेल्यावर म्हणाला, "मग पुढच्या बजेटच्या आधी कधी अर्ज करायचा?"

घरी आप्पांनी पोच मागून घेतली, चष्मा लावून क्रमांक वाचला आणि ज्या पत्र्याच्या पेटीत त्यांचं माथाडी बोर्डाचं कार्ड आहे त्यात ठेवली. त्या रात्री मामी आल्या. पोरीच्या अभ्यासिकेचा अर्ज त्यांना आठवत होता, मलाही आठवत होता. संध्याकाळी कुठल्या शाळेतल्या किती खोल्या रिकाम्या असतात हे त्यांची मुलगी स्वतः बघून आली होती आणि वहीच्या पानावर तिने खोल्यांचा नकाशाच काढला होता. उत्तर दिशेचा बाणसुद्धा. सोमवारी सकाळी साडेदहाला आम्ही तिघी विभाग कार्यालयात जातोय.